युरेनियमची गिरणी कोणाची?

८ मार्च २०२२ रोजी अमेरिकेने रशियाचं तेल, द्रवरूप नैसर्गिक वायू आणि कोळसा यांच्या आयातीवर बंदी घातली. युक्रेनवरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. वाहिन्यांवर पेट्रोलच्या भावाची चर्चा सुरू झाली, आणि त्या गडबडीत एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. बंदीच्या यादीत युरेनियम नव्हतं. पुढची दोन वर्षं अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांसाठी समृद्ध युरेनियम रशियाच्या सरकारी कंपनीकडून, म्हणजे रोसाटॉमकडून, बिनबोभाट येत राहिलं. बंदीचा कायदा झाला तो मे २०२४ मध्ये. त्यातही, दुसरीकडून इंधन मिळत नसेल तर १ जानेवारी २०२८ पर्यंत सवलत मागता येईल, अशी सोय ठेवलेली आहे.

हा व्यवहार किती मोठा होता? अमेरिकेतली साधारण पाचवा हिस्सा वीज अणुऊर्जेतून येते. त्या इंधनाच्या समृद्धीकरणाचं जवळपास पाव काम त्या काळात रशियात होत होतं. पाचव्या हिश्श्याचा पाव म्हणजे विसावा हिस्सा. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांच्या घरात वीस दिवे असतील, तर सरासरीने त्यातला एक रशियन यंत्रांतून गेलेल्या युरेनियमवर जळत होता. त्याच काळात युक्रेनला शस्त्रं देण्यासाठी अब्जावधी डॉलर मंजूर होत होते.

याला दुटप्पीपणा म्हणून मोकळं होता येईल. पण मग मूळ मुद्दा निसटतो. ऊर्जेच्या राजकारणाकडे बघताना आपल्याला सवय लागली आहे ती खाणी आणि विहिरी मोजण्याची. कोणाकडे किती तेल, कोणाकडे किती वायू. युरेनियमच्या बाबतीत हा हिशेब फसतो. युरेनियमचे जगातले सर्वांत मोठे ज्ञात साठे ऑस्ट्रेलियात आहेत, आणि त्या देशात वीज बनवणारी एकही अणुभट्टी नाही. खाणीतून निघणाऱ्या युरेनियमपैकी सुमारे दोन-पंचमांश एकटा कझाकस्तान काढतो. खाणकामात रशियाचा वाटा विसाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. मात्र जगातल्या समृद्धीकरणाच्या क्षमतेपैकी दोन-पंचमांशाहून जास्त रशियाकडे आहे.

गहू एकाच्या शेतात आणि गिरणी दुसऱ्याच्या वाड्यात, असा हा प्रकार आहे. माझं म्हणणं एवढंच, की अणुऊर्जेच्या राजकारणात सत्ता गिरणीवाल्याच्या हातात असते. हे ध्यानात घेतलं तर गेल्या पन्नास वर्षांतल्या तारापूरपासून इराणपर्यंतच्या बऱ्याच घटनांचा उलगडा होतो. आणि भारताने पुढे काय करावं, याबद्दलही काही ठाम बोलता येतं.

एकशे चाळीसात एक

आधी ही गिरणी करते काय ते पाहू. जमिनीतून निघालेल्या युरेनियमचे १४० अणू घेतले, तर त्यातला साधारण एकच युरेनियम-२३५ असतो. बाकीचे जवळपास सगळे युरेनियम-२३८. अणुभट्टीतली विखंडनाची साखळी सहजपणे चालू ठेवतो तो २३५. जगातल्या बहुतेक अणुभट्ट्या साध्या पाण्यावर चालतात, आणि साधं पाणी काही न्यूट्रॉन स्वतःच गिळून टाकतं. त्यामुळे अशा भट्टीला लागणाऱ्या इंधनात २३५ चं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवावं लागतं. यालाच समृद्धीकरण म्हणतात.

अडचण अशी, की हे दोन्ही समस्थानिक रासायनिकदृष्ट्या एकसारखे वागतात. एकाला विरघळवून दुसऱ्याला मागे ठेवील असं आम्ल नाही. फरक फक्त वजनाचा, तीन न्यूट्रॉनचा, म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर. मग युरेनियमचं फ्लोरिनशी संयुग करून त्याचा वायू बनवतात. त्याचं नाव युरेनियम हेक्साफ्लोराइड. फ्लोरिनच का? तर निसर्गात फ्लोरिनचा एकच समस्थानिक आढळतो. त्यामुळे रेणूंच्या वजनात जो काही फरक उरतो, तो फक्त युरेनियममुळेच. एक रेणू ३४९ चा, दुसरा ३५२ चा.

हा वायू एका उंच नळकांड्यात भरून ते मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने निर्वातात फिरवतात. जड रेणू किंचित जास्त प्रमाणात भिंतीकडे सरकतात, हलके मधल्या बाजूला राहतात. डेअरीत दुधातून साय वेगळी करणारं यंत्र याच तत्त्वावर चालतं. फक्त इथे 'साय' आणि 'दूध' यांच्या वजनात फरक जवळजवळ नाहीच. त्यामुळे एका सेंट्रिफ्यूजमधून मिळणारा फायदा अगदी थोडा. एकाचा माल दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, अशा शेकडो-हजारो यंत्रांच्या रांगा जोडाव्या लागतात.

या यंत्राचा इतिहासही राजकारणाने भरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाच्या ताब्यात सापडलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ तिथे सेंट्रिफ्यूजवर काम करत होते. गेरनोट झिप हा ऑस्ट्रियन अभियंता त्यांच्यातलाच एक. १९५० च्या दशकाच्या मध्यात सुटका झाल्यावर तो पश्चिमेकडे परतला आणि व्हर्जिनिया विद्यापीठात त्याने तेच यंत्र पुन्हा उभं केलं. पण अमेरिकेकडे महायुद्धाच्या काळात उभारलेली दुसरी पद्धत तयार होती. सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांमधून वायू ढकलायचा, म्हणजे हलके रेणू जरा जास्त पटकन पार होतात. या पद्धतीला सेंट्रिफ्यूजच्या सुमारे पन्नासपट वीज लागते. सोव्हिएत संघ १९६० च्या दशकात सेंट्रिफ्यूजकडे वळला. अमेरिकेने स्वस्त विजेच्या जोरावर जुनी गिरणी चालू ठेवली, ती केंटकीतल्या पडूकाचा कारखाना २०१३ मध्ये बंद होईपर्यंत. रशियाचा माल स्वस्त का, याचं निम्मं उत्तर या निर्णयात आहे.

एका चांगल्या कराराची किंमत

उरलेलं निम्मं उत्तर एका अत्यंत चांगल्या करारात आहे. सोव्हिएत संघ कोसळत असताना हजारो अण्वस्त्रांमधल्या युरेनियमचं काय होणार, ही सगळ्यांनाच धास्ती होती. ऑक्टोबर १९९१ मध्ये एमआयटीतले भौतिकशास्त्रज्ञ थॉमस नेफ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सुचवलं, की अमेरिकेने ते युरेनियम विकत घ्यावं आणि पातळ करून अणुभट्ट्यांत जाळावं. १९९३ मध्ये तसा करार झाला. पुढच्या वीस वर्षांत ५०० टन बॉम्बयोग्य युरेनियम, म्हणजे सुमारे २०,००० अण्वस्त्रांमधला माल, इंधन होऊन अमेरिकेत पोचला. त्या काळात अमेरिकेतली जवळपास दहा टक्के वीज रशियन बॉम्बमधून येत होती. वर्तमानपत्रातल्या लेखाचा इतका उपयोग क्वचितच झाला असेल.

या कराराला मी नावं ठेवणार नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की अमेरिकन वीजकंपन्यांना स्वस्त रशियन मालाची सवय लागली आणि देशातल्या गिरण्या चालवणं परवडेनासं झालं. करार २०१३ मध्ये संपला, त्याच वर्षी पडूका बंद पडलं. त्यानंतर अमेरिकेच्या भूमीवर मोठी गिरणी उरली ती न्यू मेक्सिकोतल्या युनिसची. तिची मालक आहे युरेन्को ही ब्रिटन, नेदरलँड्स आणि जर्मनी यांची युरोपीय कंपनी.

याचा चटका बसायला फार वेळ लागला नाही. बिल गेट्स यांनी स्थापन केलेली टेरापॉवर ही कंपनी वायोमिंगमधल्या केमरर इथे नव्या प्रकारची अणुभट्टी बांधत आहे. तिला ५ टक्क्यांहून जास्त, २० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. असं इंधन व्यापारी तत्त्वावर विकणारा देश एकच होता, रशिया. युद्ध सुरू झालं, तो दरवाजा बंद झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने प्रकल्प किमान दोन वर्षं लांबणार असल्याचं जाहीर केलं. पैसा होता, आराखडा होता, जागा होती. दळण करून देणारं कोणी नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, रशियाने तर युद्धाच्या काळातही पुरवठा तोडला नाही, मग भीती कसली? पण गिरणीवाल्याने पट्टा काढून ठेवण्याची गरजच नसते. तो काढू शकतो, एवढं माहीत असलं की पुरतं. तेलावर दोन आठवड्यांत बंदी आणि युरेनियमवर दोन वर्षांनी, तीही सवलतीसह, हा फरक त्या जाणिवेतूनच आला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियानेही अमेरिकेला होणाऱ्या समृद्ध युरेनियमच्या निर्यातीवर तात्पुरते निर्बंध जाहीर करून ती जाणीव पक्की करून दिली.

तारापूरचा धडा

आज अमेरिका ज्या जागी आहे, त्या जागी भारत पन्नास वर्षांपूर्वी होता. आणि तेव्हा गिरणी अमेरिकेची होती.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीच्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या, म्हणून समृद्ध युरेनियम लागणाऱ्या. १९६३ च्या करारानुसार ते इंधन अमेरिका तीस वर्षं पुरवणार होती. १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली. त्या चाचणीतलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं. तरी १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा केला, की ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला अणुइंधन द्यायचं नाही. केलेला करार नव्या देशी कायद्याने पांगळा झाला. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठवायला मंजुरी दिली, तेव्हा सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ अशा काठावरच्या मतांनी तगली. शेवटी १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला, की अमेरिकेऐवजी फ्रान्स इंधन देईल. फ्रान्सनंतर १९९० च्या दशकात चीनने दिलं, आणि मग रशियाने. मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या या दोन भट्ट्यांनी चार महासत्तांच्या गिरण्यांचं पीठ खाल्लं आहे.

होमी भाभांनी हा धोका आधीच ओळखला होता. म्हणून भारताच्या अणुकार्यक्रमाचा कणा त्यांनी जड पाण्याच्या अणुभट्ट्यांवर उभारला. जड पाणी न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, त्यामुळे अशा भट्टीत निसर्गात मिळतं तसंच युरेनियम चालतं. समृद्धीकरणाची गरज नाही. पाणी बनवणं महाग आणि कटकटीचं, पण ते एकदा बनवलं की वर्षानुवर्षं टिकतं. इंधनासाठी गिरणीवाल्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. तारापूरला २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या याच प्रकारच्या आहेत. एकाच परिसरात शेजारी शेजारी दोन परराष्ट्र धोरणं उभी आहेत असं म्हटलं तरी चालेल.

अर्थात जड पाण्याने सगळं परावलंबित्व संपत नाही. भारतात युरेनियम थोडं आणि हलक्या प्रतीचं. २००७-०८ च्या सुमारास खुद्द नैसर्गिक युरेनियमचाच तुटवडा पडल्याने आपल्या भट्ट्या कमी क्षमतेने चालवाव्या लागल्या होत्या. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली, तेव्हा कुठे आयात सुरू झाली. पण फरक लक्षात घ्या. नैसर्गिक युरेनियम विकणारे कझाकस्तान, कॅनडा, उझबेकिस्तान असे बरेच आहेत. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जाता येतं. गिरण्या मात्र जगात मोजक्याच. रोसाटॉम, युरेन्को, फ्रान्सची ओरानो आणि चीनची सरकारी कंपनी एवढी चार नावं घेतली, की यादी जवळजवळ संपते.

चाळीस टक्क्यांची दिशाभूल

मग प्रत्येक देशाने आपली गिरणी उभारावी, हा सरळ उपाय वाटतो. इथेच भौतिकशास्त्र आडवं येतं, आणि इथेच इराण येतो.

पुन्हा त्या १४० अणूंकडे जाऊ. आपल्याला हवा तो एक, नको ते १३९. समृद्धीकरण ४ टक्क्यांपर्यंत नेलं म्हणजे २५ अणूंत एक हवा तो. ११५ नकोसे बाहेर गेले. २० टक्के म्हणजे पाचात एक. आणखी २० बाहेर गेले. बॉम्बला लागतं तसं ९० टक्के म्हणजे जवळपास एकास एक. आता फक्त चार काढायचे. खरं गणित याहून थोडं गुंतागुंतीचं आहे, पण निष्कर्ष तोच. वीजकेंद्राच्या ४-५ टक्क्यांपर्यंत पोचताना बॉम्बपर्यंतचं सुमारे तीन-चतुर्थांश काम झालेलं असतं. २० टक्क्यांना नऊ-दशांश. बातमीत '६० टक्के' वाचलं की अजून ३० टक्के बाकी आहेत असं वाटतं. वास्तविक ९९ टक्के श्रम झालेले असतात.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. एक हजार मेगावॅटच्या भट्टीला दरवर्षी लागणारं इंधन समृद्ध करू शकेल एवढी गिरणी तेवढ्याच काळात वीसएक बॉम्बचा माल काढू शकते. विजेसाठी ती अगदी लहान, शस्त्रांसाठी प्रचंड. वर सेंट्रिफ्यूजला वीज कमी लागते, जागा कमी लागते, म्हणून ती डोंगराखालीही लपवता येते. यंत्र जितकं कार्यक्षम झालं, तितकं ते धोकादायक झालं.

इराणचा अविश्वासही हवेतून आलेला नाही. १९७० च्या दशकात शहाच्या इराणने फ्रान्समधल्या युरोडिफ या गिरणीत दहा टक्के हिस्सा घेतला होता आणि तिच्या उभारणीसाठी एक अब्ज डॉलरचं कर्जही दिलं होतं. १९७९ च्या क्रांतीनंतर नव्या सरकारने आधी स्वतःच व्यवहारातून अंग काढलं आणि पैसे परत मागितले. पुढे आपल्या वाट्याचं युरेनियम मागितलं, ते फ्रान्सने दिलं नाही. हा वाद १९९१ मध्ये मिटला. चूक दोन्हीकडे होती. पण 'भागीदारी घेऊनही दळण मिळालं नाही' ही गोष्ट इराणमध्ये आजही सांगितली जाते. दरम्यान अब्दुल कादीर खान यांनी नेदरलँड्समधून नेलेला आराखडा पाकिस्तानमार्गे इराणला विकला गेला. इराणची पहिली सेंट्रिफ्यूज युरोपीय यंत्राचीच नात आहे.

२०१५ च्या करारामागचं गणित वरच्या हिशेबावर बेतलेलं होतं. समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर थांबवायचं, साठा ३०० किलोंवर, यंत्रांची संख्या मर्यादित, आणि सगळ्यावर निरीक्षकांचे डोळे. त्या वर्षाच्या शेवटी ११ हजार किलोंहून जास्त समृद्ध माल इराणने जहाजाने रशियाला पाठवला. मे २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने अमेरिकेला करारातून बाहेर काढलं. एप्रिल २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर पोचला. जून २०२५ मध्ये इस्रायलने आणि मग अमेरिकेने नतांझ, फोर्दो आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले. तोवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबाने इराणकडे ६० टक्क्यांचा ४४० किलो माल होता. शेवटची पायरी चढवली, तर सुमारे दहा बॉम्बना पुरेल एवढा. हल्ल्यानंतर इराणने निरीक्षकांशी सहकार्य थांबवलं. म्हणजे जो माल किलोकिलोने मोजलेला होता, तो कुठे आहे हेच सांगता येईनासं झालं.

इराणची राजवट आपल्या लोकांशी कशी वागते, हे मला माहीत आहे, आणि तिच्या हाती बॉम्ब असावा असं मला मुळीच वाटत नाही. म्हणूनच मोजमाप गमावणं ही मला या सगळ्यातली सर्वांत मोठी हानी वाटते. यंत्रं फोडता येतात. ती बनवण्याचं ज्ञान असलेला देश ती पुन्हा बनवू शकतो. तीन-चतुर्थांश काम शांततेच्या नावाखालीच होत असेल, तर टक्केवारीच्या रेषा आपलं रक्षण करत नाहीत. रोज आत जाऊन मोजणारी माणसं करतात.

मग करायचं काय?

माझ्या मते उत्तर सामायिक गिरणीत आहे, आणि त्याचे नमुने आज अस्तित्वात आहेत. १९७० च्या आल्मेलो करारातून जन्मलेली युरेन्को तीन देशांची आहे. एकाने मनात आणलं म्हणून बाकीच्यांचं दळण अडत नाही. फ्रान्सच्या सध्याच्या गिरणीतली यंत्रंही युरेन्कोच्याच तंत्राची आहेत, पण ती पेटीबंद. फ्रान्स ती चालवतो, आतली रचना त्याच्या हाती नाही. पीठ मिळतं, जात्याला टाकी कशी लावायची ते कळत नाही. अण्वस्त्रं आधीच बाळगणाऱ्या फ्रान्सला ही अट चालते, तर इतरांना का चालू नये?

दुसरा नमुना आखातातल्या वाचकांच्या परिचयाचा. संयुक्त अरब अमिरातींनी २००९ मध्ये अमेरिकेशी करार करताना समृद्धीकरण करणार नाही असं कायद्याने मान्य केलं. मात्र इंधनासाठी त्यांनी २०१२ मध्ये सहा वेगवेगळ्या कंपन्यांशी करार केले. आज बराकाच्या चार भट्ट्या देशाची सुमारे पाव वीज देतात. गिरणी नाही, पण एकाच गिरणीवाल्याची मिंधेगिरीही नाही.

तिसरा नमुना कझाकस्तानातल्या ओस्केमेन इथली आंतरराष्ट्रीय इंधन पेढी. एखाद्या देशाचं इंधन राजकीय कारणाने अडवलं गेलं, तर त्याला तिथून उचल करता यावी ही कल्पना. वॉरन बफे यांच्या पाच कोटी डॉलरच्या देणगीने तिची सुरुवात झाली. अमेरिका, युरोपीय संघ, नॉर्वे यांच्याबरोबर कुवेत आणि अमिरातींनीही पैसे घातले. २०१९ मध्ये तिथे ९० टन माल येऊन पडला. पण ९० टन म्हणजे एका मोठ्या भट्टीची एकदाची भरती. कल्पना योग्य, कोठार मात्र फारच लहान. महासत्तांना प्रसार रोखण्याची खरोखर तळमळ असेल, तर हे कोठार दसपट मोठं करण्याचा खर्च एका लढाऊ मोहिमेपुढे किरकोळ आहे. अट एकच. त्याची किल्ली कुठल्याही एका संसदेच्या हातात नसावी. तारापूरने हेच शिकवलं.

आता भारताकडे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज उभारण्याचं लक्ष्य जाहीर झालं. त्यातला मोठा भाग आपल्या ७०० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्ट्यांचा असेल, तर भाभांची वाट अजून शाबूत आहे. पण कुडनकुलमला रशियन भट्ट्या आहेत आणि त्यांना जन्मभर इंधन पुरवण्याचं वचन रशियाने दिलेलं आहे. जैतापूरला सहा फ्रेंच भट्ट्यांचा, ९,९०० मेगावॅटचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहे. या सगळ्यांना समृद्ध युरेनियम लागतं. मैसूरजवळ रट्टेहळ्ळीला आपली एक लहान गिरणी आहे, पण ती मुख्यतः पाणबुड्यांच्या इंधनासाठी. एवढ्या भट्ट्यांचं दळण तिच्याने होणार नाही.

जैतापूरवरच्या वादात जमीन, मासेमारी, भूकंप यांवर भरपूर बोललं गेलं, आणि ते प्रश्न रास्तच आहेत. इंधनाचा प्रश्न मात्र त्या मानाने फार कमी ऐकू आला. २००७ च्या भारत-अमेरिका कराराच्या मसुद्यात भारताने तो आवर्जून घातला होता. भट्ट्यांच्या आयुष्यभर पुरेल असा इंधनाचा साठा उभारायला अमेरिका पाठिंबा देईल, आणि पुरवठा खंडित झालाच तर मित्रदेशांचा गट जमवून तो सुरळीत करेल, असं कलम त्यात आहे. ते तारापूरच्या अनुभवातूनच आलं होतं. कलम कागदावर ठेवून भागणार नाही. आयात केलेल्या प्रत्येक भट्टीमागे काही वर्षांचं इंधन देशात साठवलेलं असावं. दुसऱ्या पुरवठादाराकडून इंधन घेण्याची मुभा प्रत्येक करारात असावी. युक्रेनने सोव्हिएत बनावटीच्या भट्ट्यांसाठी वेस्टिंगहाऊसचं इंधन घेण्याची तयारी युद्धाच्या कितीतरी आधीपासून केली होती, म्हणून ते युद्धात रशियाच्या इंधनाविना तगून राहिले.

आणि तिसरं, जरा मोठं पाऊल. भारताने नागरी उपयोगाची समृद्धीकरणाची गिरणी उभारावी आणि पहिल्या दिवसापासून ती आंतरराष्ट्रीय तपासणीखाली ठेवावी. जमल्यास त्यात शेजारी आणि आखाती देशांना भागीदार करून घ्यावं. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही न केलेला देश असं करतो, याला जगात वजन येईल. दुसऱ्यांच्या गिरण्यांबद्दल बोलण्याचा अधिकारही त्यातून मिळेल. खर्च होईल, वेळ लागेल, 'विकत मिळतंय तर कशाला' असंही कोणी म्हणेल. अमेरिकाही १९९३ नंतर तेच म्हणत होती.

यापुढे अणुभट्टीच्या नव्या कराराची बातमी आली, की तिच्यात मेगावॅट असतील, कोट्यवधी डॉलर असतील, हस्तांदोलन करणाऱ्या दोन नेत्यांचा फोटो असेल. इंधन कोण समृद्ध करणार, किती वर्षांसाठी, आणि त्याने हात आखडला तर दुसरा कोण, हे बातमीत आहे का ते शोधा. नसेल, तर ज्या देशात तुम्ही मत देता तिथल्या लोकप्रतिनिधीला विचारा. हा प्रश्न भारताइतकाच अमेरिकेला, ब्रिटनला आणि अमिरातींनाही लागू आहे.